आपोआप बुजलेलं भोक

वडनेरचे बबनराव दुपारच्या एस.टी.नं आले. घरापुढच्या सपरीत अंथरलेल्या सतरंजीवर बसले आणि पुढे आलेला चहा त्यांनी दोन बोटांनी बाजूला सरकवला. व्याह्यानं चहा बाजूला सारला म्हणजे काय, हे देवकाबाईला कोणी सांगायला नको होतं. ती आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या मागे, आतल्या खोलीत, तिची लेक मंदा होती.

मंदा कापसाच्या ढिगाला टेकून बसलेली असे. यंदाचा वेचलेला कापूस अजून घरातच पडून होता, आणि आडवं झालं की पोरीचा श्वास कोंडायचा. मग तिच्या बापानं, महादेवरावांनीच तिला त्या ढिगात खोलगट जागा करून दिली होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पोटात चौथा महिना सरत आला होता. नखं जांभळासारखी झाली होती आणि ओठांचा रंग त्याच वाटेनं चालला होता. नागपूर झालं, मुंबई झाली. सगळ्यांनी एकच सांगितलं: हृदयाच्या मधल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. त्या भोकातून इतकी वर्षं फुप्फुसात जास्तीचं रक्त गेलं आणि तिथल्या नळ्या कडक झाल्या. लहानपणी शिवलं असतं तर शिवता आलं असतं. आता शिवलं तर टेबलावरच जाईल. पोट वाढू दिलं तर सातव्या-आठव्या महिन्यात जाईल. उद्या नागपूरला नेऊन पोट रिकामं केलं, आणि त्यातून ती निभावली, तर दोन वर्षं, चार वर्षं. त्यापुढचं कोणी बोलत नव्हतं.

"इवाई, चहा घ्या," महादेवराव म्हणाले.

"चहा घ्याले नाई आलो मी. एकच गोष्ट इचाराले आलो." बबनरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "घरात हार्टचा डॉक्टर. सारा तालुका छाती दाखवाले तुमच्या घरी येते. आन् घरच्या पोरीच्या छातीत भोक आहे, हे तुमाले ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक असतं तं देल्ली असती काय पोरगी?"

"तेच तं इचारून राह्यलो. देल्ली असती, का नसती?"

महादेवरावांचा चेहरा उतरला. तेव्हा त्यांची थोरली बहीण लीलाबाई मध्ये पडली. ती कालच पाच वर्षांच्या नातीला, छबूला, घेऊन आली होती. छबू अंगणात चिंचोके मांडत बसली होती.

"बबनराव, पोरगी पाहाले आलते तवा तुमी तिले अंगनात चालवली, पाट्यावर चटनी वाटाले लावली. तवा दम नाई दिसला?"

"दिसला ना. तुमच्या भावजयीनं सांगतलं, आज हरतालका आहे, पोरीले कडक उपास आहे."

सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. देवकाबाईनं पदर सारखा केला. उपास होता हे खरं होतं. मुलगी दाखवायला तिनं मुद्दाम उपासाचाच दिवस ठरवला होता, हेही खरं होतं.

"थांबा," डॉक्टर वासुदेव म्हणाले. नागपूरच्या कॉलेजात असलेले महादेवरावांचे हे धाकटे भाऊ इतका वेळ खांबाला टेकून बसले होते. पंचेचाळिशीतला माणूस, पण महिन्याभरात साठीचा दिसायला लागला होता. "इवाई, चूक झाली आहे. पन ती माही. घराची नाई."

त्यांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही काढली.

असल्या वह्या देवकाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून पाहत होती. सासरे पऱ्हाटीच्या शेतात छाती धरून खाली बसले. वायू झाला म्हणून लोकांनी त्यांचं पोट चोळलं, सोडा पाजला, आणि तासाभरात ते गेले. वासुदेव तेव्हा डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होते. त्या दिवसापासून ते लिहायला लागले. कोणत्या गावचा कोणता माणूस छातीत कळ येऊन गेला, वय काय, काम काय, तंबाखू किती. समुद्रपूरपासून हिंगणघाटपर्यंत ते सायकलनं फिरले. शहरातल्या शेठलोकांचाच हा आजार, असं म्हणणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना त्यांनी मान खाली घालून काम करणाऱ्या मजुरांची नावं दाखवली. पुढे लहान मुलांच्या वह्या सुरू झाल्या. जन्मतःच ज्यांचं हृदय बिघडलेलं आहे अशी मुलं गावागावांतल्या शाळांतून ते शोधत होते.

"हे पाहा. चौऱ्याहत्तर साल, डिसेंबर. आपल्याच गावची शाळा. सत्तावीस नंबर, मंदा महादेव, वय नऊ. आवाज साफ. दोष नाही." त्यांनी वही बबनरावांपुढे धरली. "अक्षर माहं आहे. भोक बारीक असलं तं जोरात आवाज येते, मोठं असलं तं कधी कधी येतच नाई. बारक्या फटीतून वारा शिट्टी वाजवते, उघड्या दारातून गुमान जाते, तसं. त्या दिवशी माह्या कानानं दगा देल्ला. मंग दहा वर्सं मी तिले परत ऐकलं नाई. वहीत साफ लिहिलं होतं ना! दिवाळीले घरी याचो, पोरगी दमलेली दिसे, आन् मी मनो, हिले लोह द्या, रक्त कमी आहे."

बबनराव वहीकडे पाहत राहिले. आवाज खाली आला. "मंजे तुमालेही ठाऊक नव्हतं."

"नाई. जानेवारीत मी ह्या साऱ्या वह्या कॉलेजात जमा करून देतो. ज्याले सख्ख्या पुतनीचं हृदय ऐकू आलं नाई, त्यानं दुसऱ्याच्या लेकराच्या छातीले हात लावू नये."

महादेवरावांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. देवकाबाईला दिसत होतं, घर सावरलं जात होतं. दिरानं सगळा दोष स्वतःच्या अंगावर ओढून घेतला होता. व्याह्याचा राग ओसरत होता. आता तिनं फक्त गप्प राहायचं होतं. दहा वर्षं राहिली तशी.

"असं काऊन मनतं वासुदेव?" लीलाबाई कळवळून म्हणाली. "तू सोडलं तं आमच्या छबूचं कोन पाहीन? तिच्या भोकावर आमी तुह्याच भरोशावर बसलो आहो. मुंबईवाल्यानं आताच कापा मनलं होतं. तू मनलं, थांबा, आपल्या गावच्या पंचफुलाचं बुजलं तसं हिचंही बुजन."

"थांबाच तुमी, बाई," डॉक्टर म्हणाले. "तेवढी एक गोष्ट मी खरी लिहिली. पंचफुलाच्या छातीतला आवाज मी ह्या कानांनी ऐकला होता, असा जोराचा, का नळी बाजूला धरली तरी येत होता. दीड वर्सानं नागपूरले तिले समोर बसवून तपासली. हृदयाची पट्टी काढली, छातीचा फोटो काढला. काईच नाई. आपोआप बुजलं. नऊ वर्सांच्या वयानंतर असं बुजलेलं फार कोनी पाह्यलं नाई. मी पाह्यलं."

 देवकाबाई चौकट धरून खाली बसली.

अंगणात छबू उठून चिंचोके वेचायला लागली. चार पावलं गेली आणि हात गुडघ्यांवर टेकून थांबली. मग पुन्हा चार पावलं. देवकाबाईनं हे पाऊल पूर्वी पाहिलं होतं. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या लेकीचं.

मंदा तीन महिन्यांची असताना तेल चोळताना तिच्या छातीवर तळहात ठेवला की आत काहीतरी घुरघुरायचं. मांडीवर झोपलेलं मांजर घुरघुरतं तसं. देवकाबाईनं कोणालाच सांगितलं नाही. पोर मोठी झाली, तशी आईची भीतीही मोठी झाली. आणि मग दिरांनी गावच्या शाळेत तपासणी आणली. सव्वीस मुलगे तपासून झाले, पण पोरी पाठवायला लोक तयार होईनात. तेव्हा ते म्हणाले, आधी माझ्या घरच्या पोरी येतील. गावच्या बायांनी एक अट घातली: पोरींची छाती परक्या पुरुषाच्या नजरेस पडता कामा नये. म्हणून वर्गात आडवी सोलापुरी चादर बांधली. डॉक्टर अलीकडे, पोरगी पलीकडे. चादरीच्या कापातून फक्त नळी पलीकडे जायची. डॉक्टरांना हे उलट आवडलं. ते म्हणाले, पोर कोणाचं, जाड की बारीक, हे दिसलंच नाही तर कान खरं तेच ऐकतील. प्रेमदास मास्तर दाराशी नाव लिहून नंबराची चिठ्ठी द्यायचे. पोरीला आत नेऊन चिठ्ठी चादरीपलीकडे सरकवायची, हे काम घरची सून म्हणून देवकाबाईकडे होतं.

गावात तोवर बोलणं सुरू झालं होतं. ज्या पोरीचं नाव त्या वहीत खराब म्हणून चढेल तिला कोणी करणार नाही. मंदाला घरी ठेवणं शक्य नव्हतं, काका सगळ्यात आधी तिलाच विचारणार. आणि देवकाबाईला जाणूनही घ्यायचं होतं. पोरीच्या छातीत काय आहे ते तिला दिराच्या तोंडून ऐकायचं होतं, फक्त पोरीचं नाव न लागता. मंदाच्या मागे तानबाची पंचफुला उभी होती. तानबा शेतावर कामाला होता. देवकाबाईला तेव्हा आकडा वाचता येत नव्हता. तिनं मंदाची चिठ्ठी डाव्या मुठीत धरली, पंचफुलाची उजव्या. मंदाला पुढे केलं आणि उजवी मूठ उघडली. पंचफुला पुढे आली तेव्हा डावी.

पंधरा दिवसांनी तानबाच्या घरी पत्र आलं. महादेवरावांनीच ते त्याला वाचून दाखवलं. तुझ्या पोरीच्या हृदयाला भोक आहे, नागपूरला आण. तानबानं कपाळ धरलं. देवकाबाईनं चुलीपुढे बसून ते ऐकलं, आणि तिला जे जाणून घ्यायचं होतं ते कळलं. छाती कापतील या भीतीनं तानबा पोरीला नागपूरला न्यायचं लांबवत राहिला, आणि आता सांगते, मग सांगते, असं करत देवकाबाईचंही दीड वर्ष गेलं. आणि एके दिवशी दीर हसत घरी आले. वहिनी, पंचफुलाचं भोक आपोआप बुजलं!

त्या रात्री देवकाबाईनं देवापुढे दिवा लावला. पंचफुलाला कधी काही नव्हतंच, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण दीर म्हणाले होते ना, असं भोक बुजतं. एवढा शिकलेला माणूस म्हणाला होता. तिनं तेवढंच उचललं आणि बाकीचं सोडून दिलं. मंदाच्या छातीवर हात ठेवून पाहिलं, तर खरंच, घुरघुर कमी झाली होती. पुढे ती पार थांबली. ती का थांबली, हे तिला मागच्याच महिन्यात कळलं. आतला दाब वाढला की आवाज थांबतो.

"भाऊजी," ती म्हणाली.

ते लीलाबाईकडेच पाहत होते. तिनं पुन्हा म्हटलं. "भाऊजी, पंचफुलाचं बुजलं नाई."

"मंजे?"

"तिले भोक नव्हतंच. चादरीच्या मांगं मी चिठ्ठ्या बदलल्या. तुमी ज्या छातीतला आवाज ऐकला, ती मंदा होती."

 डॉक्टरांनी वही परत आपल्याकडे ओढली. सत्तावीसवर बोट ठेवलं, मग अठ्ठावीसवर. बोट वर-खाली होत राहिलं. तुमच्या कानांना ऐकू आलं होतं, असं देवकाबाईला सांगायचं होतं. पण हे कळल्यानं कोणाला बरं वाटेल, असं त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"चौऱ्याहत्तर साली," ते हळूच म्हणाले, "चौऱ्याहत्तर साली तिची फुप्फुसं चांगली होती, वहिनी. आवाज एवढा जोराचा होता मंजे दाब चढला नव्हता. मी पत्रात लिहिलं होतं, लगेच आना. मी वेल्लोरले जागा ठरवून ठेवली होती."

महादेवराव उठले, पुन्हा बसले. "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी भाऊजीले सांगतलं असतं."

"मंग? सांगाचंच तं होतं ना!"



डॉक्टर एकेक बोट दुमडत होते. सुरुवातीला तिला कळलं नाही, मग कळलं, ते नावं आठवत होते. "सात," ते म्हणाले. "सात लेकरांच्या मायबापाले मी थांबा मनलो. दरवेळी पंचफुलाचं नाव सांगो. जाम गावच्या त्या न्हाव्याचं पोरगं मागच्या पोळ्याले गेलं. मले वाटलं, ताप होता मनून गेलं."

लीलाबाई उठून उभी राहिली होती. ती अंगणात गेली, छबूला कडेवर घेतलं. छबूचे चिंचोके सांडले आणि ती रडायला लागली. लीलाबाई दारापर्यंत परत आली, पण पायरी चढली नाही.

"देवका, तुह्या पोरीचं लगन व्हावं मनून तू माह्या नातीले दोन वर्सं बसवून ठेवलं."

"बाई, मीही तेच धरून बसली होती. भाऊजीच मनले, बुजते."

"तू त्याले खोटं ऐकवलं, त्यानं तेच तुले परत देल्लं. आन् आमी साऱ्यायनं ते प्रसादासारखं खाल्लं." मग ती भावाला म्हणाली, "वासुदेव, हिचं झालं काय मंदासारखं? खरं सांगजो."

"नखं अजून लाल आहेत. उशीर झाला आहे, पण वेळ गेली नसन. आजच निघा. मी चिठ्ठी देतो." चिठ्ठी हा शब्द तोंडातून गेल्यावर ते थांबले, खिशातून पेन काढला आणि लिहायला लागले.  पहिला कागद फाडला, दुसऱ्यावर लिहिलं.

बबनरावांनी टोपी डोक्यावर घातली. "मी भांडाले आलतो, महादेवराव. आता कोनाशी भांडू? चार वाजताची गाडी आहे."

"इवाई, पोरगी..."

"उद्या नागपूरले न्या. मी अडवत नाई." ते देवकाबाईकडे न पाहता बोलले. "पन माह्या पोराले मी काय सांगू, ते मले वाटेत ठरवू द्या. परत न्याचं का नाई, तेही." ते आणि छबूला घेतलेली लीलाबाई एकाच वेळी फाटकातून बाहेर पडले, दोघं दोन दिशांना पाहत.

डॉक्टरांनी वही पिशवीत घातली आणि चपला शोधल्या.

"तुमी कुठं?" महादेवरावांनी विचारलं.

"तानबाच्या घरी. पंचफुला सुट्टीवर आली आहे." पंचफुला वर्ध्याला नर्सिंग शिकत होती. तिची दोन स्थळं मोडली होती. हृदयाची पोरगी, असं तिचं नाव पडलं होतं आणि भोक बुजल्यावरही ते नाव बुजलं नव्हतं. "दिल्लीच्या सभेत मी तिचं नाव घेतलं, दादा. लोकायनं टाळ्या वाजवल्या. तिले सांगाले पायजे का बाई, तुले कधी काईच झालं नव्हतं."

"मी येऊ काय, भाऊजी?" देवकाबाईनं विचारलं. "सांगाचं तं मीच आहे."

त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोसला असता.

"आज नाई," ते म्हणाले. "आज तुमी पोरीजवळ बसा."

देवकाबाई आत गेली. मंदाचे डोळे उघडे होते. सपरी आणि खोली यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती. ऐकलं नसेल असं समजण्यात अर्थ नव्हता. देवकाबाई ढिगाजवळ जमिनीवर बसली. पोरीचे पाय सुजले होते. ते तिनं मांडीवर घेतले आणि चोळायला लागली.

"मले ठाऊक होतं, आई," मंदा म्हणाली. एका दमात तिला पाच-सहा शब्दच जमायचे. "चिठ्ठी माह्या नाकापुढूनच गेली. अठ्ठावीस. माहा सत्तावीस होता. मास्तरनं मोठ्यानं वाचला होता."

देवकाबाईचे हात थांबले.

"मंग पंचफुलाच्या घरी पत्र आलं. मी समजली, ते माहंच आहे."

"मंग बोलली काऊन नाई वं माय? नऊ-धा वर्सांची होती तू. काकाजवळ जाऊन बोलाचं होतं."

"तू बोलशीन मनून वाट पाह्यली." मंदा थांबली. श्वास आत घेतला, पुन्हा घेतला. "मंग काका आले. मनले, बुजलं. मले वाटलं, ते सारं पाहू शकतात. माहंच बुजलं असन."

बाहेर महादेवराव एकटेच सपरीत होते. थंड झालेला चहा उचलून त्यांनी अंगणात ओतल्याचा आवाज आला.

"त्या दिवशी मी गावच्या पोरींसंगं नाल्यापर्यंत पयाली, आई. पहिल्यांदा. साऱ्यायच्या मांगं राह्यली, पन पयाली. लय दम लागला. चिंचेखाली बसून राह्यली मी, पार अंधार पडेस्तोवर." ती थोडी हसल्यासारखी झाली. "पन तुले सांगतलं नाई. तू इतकी खूश होती."